दुसरी फेरी

"ताईनू, पाय वायच स्थिर ठेवा. होडी हलता," वल्हं मारता मारता सुगंधाताई म्हणाली.

मी दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले. समोरच्या फळीवर जगूमामा बसला होता. बसला होता म्हणजे होडीला चिकटला होता. अंगात ते नारिंगी जाकीट, दोन्ही हात दोन्ही कडांवर, आणि नजर पाण्यावर नाही, आकाशावर नाही, थेट माझ्या गुडघ्यांवर.

"मामा, घाबरू नकोस. पाणी कमरेएवढंच आहे."

"कमरेएवढं पाणी आणि त्याखाली गळ्याएवढा चिखल," मामा म्हणाला. "मला सांगू नकोस. मी काही आज जन्मलो नाही."

तांबळखाडीच्या राखीव कांदळवनात आम्ही नुकतेच शिरलो होतो. ओहोटी होती. दोन्ही काठांचा चिखल उघडा पडून चकाकत होता, आणि त्यातून खारफुटीची मुळं सुयांसारखी वर आलेली. त्या मुळांच्या मधून निवट्या टुणकन उड्या मारत होत्या. मासे असून चिखलावर चालणाऱ्या. लहान खेकडे एकच मोठा नांगा वरखाली करत बिळांच्या तोंडाशी उभे होते. सगळा चिखल जिवंत होता. जिथे बघावं तिथे काहीतरी सरकत होतं, बुडत होतं, पुन्हा डोकं काढत होतं. मला बरं वाटलं. स्थिर बसायला सांगितलेलं असं इथे माझ्याखेरीज कुणीच नव्हतं.

"तो बघा, खंड्यो," सुगंधाताईने वल्ह्याने दाखवलं. मग प्लास्टिकमध्ये घातलेला पक्ष्यांच्या चित्रांचा कागद मांडीवरून उचलला आणि डोळे बारीक करून पाहिला. "हय दोन खंडे दिले आसत. त्यातलो खयचो, ता काय माका सांगूक येवचा नाय. माझी अजून सगळी नावां पाठ जावक नाय."

गावातल्या बायकांच्या गटाने होड्या चालवायला घेऊन फार दिवस झाले नव्हते. ती हसली, मीही हसले. खंड्या मात्र फांदीवरून सुटला आणि निळ्या रेषेसारखा पाण्यावरून गेला.

माझ्या पायांचं आधीच सांगून टाकते. ते मी हलवत नव्हते, गोळ्यांनी हलत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी आजारी पडले. झोप गेली, बोलणं थांबेना, आणि एका पहाटे मी अनवाणी मोती तलावाभोवती फेऱ्या मारताना सापडले. सावंतवाडीसारख्या गावात एवढं पुरतं. मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर राहून आले. डोकं ठिकाणावर आलं, पण पायांची चैन गेली ती गेलीच. बसलं की हलायचे, उभं राहिलं की जागच्या जागी चालायचे. हातही जरा थरथरायचे. त्यानंतर कितीतरी वर्षं मी घरातच होते. घराबाहेर पडायचे ती डॉक्टरकडे जायला. कुणी विचारलं तर आई म्हणायची, "थोरलीची प्रकृती नाजूक आहे."

म्हणून त्या गुरुवारी सकाळी जगूमामा अचानक दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सुनेत्रा, चल, तुला खाडी दाखवून आणतो," तेव्हा मला आधी खरंच वाटेना. मामा आईचा धाकटा भाऊ. कुडाळात त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. दुकान आणि घर याखेरीज तो कुठे जात नसे. लहानपणी विहिरीत पडला होता, तेव्हापासून पाणी म्हटलं की त्याला घाम फुटायचा. असा माणूस मला होडीतून फिरवायला निघाला होता.

पण मी जास्त विचार केला नाही. आईने डबा आधीच भरून ठेवला होता. माझी धाकटी बहीण शलाका हिने माझी वेणी घातली. नेहमीपेक्षा हळू घातली, आणि घालून झाल्यावर माझ्या खांद्यांवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. "टोपी घे, ताई. ऊन लागेल," म्हणाली. दिवाणावर नवी चादर होती. स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास येत होता. मी विचारलं, "आज काय आहे?" आई म्हणाली, "काही नाही गं, सहज." मी गाडीत बसले. बाबा फाटकापर्यंत आले होते. ते सहसा येत नसत.

फेरी संपून आम्ही धक्क्याला लागलो. मामाने जमिनीवर पाय टेकला, मोठा श्वास सोडला, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि सुगंधाताईला म्हणाला, "याहून मोठी फेरी नाही का?"

ती बघतच राहिली. "आसा. पण मामानू, तुमका पाण्याची भिती वाटता ना?"

"वाटते. तरी मारू."

"मगे भरती येवंदे. पाणी चढला काय आतल्या फाट्यात जावक मिळता. तोपर्यंत मनोऱ्यार बसा."

मी मामाकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली आणि बुटाला लागलेला चिखल काठीने खरवडायला लागला. बूट स्वच्छ झाला तरी खरवडतच राहिला. काहीतरी चुकत होतं. पण माझ्या डोक्याने 'काहीतरी चुकतंय' म्हटलं की मी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नसे. एकदा त्याने मला फसवलं होतं.

कांदळवनातून लाकडी फळ्यांची वाट केली होती. दोन्ही बाजूंनी झाडं इतकी जवळ की पानांवर साचलेलं मीठ दिसत होतं. मी एक पान चाटून पाहिलं. खारट. मामा मागून येत होता. दर थोड्या वेळाने तो खिशातून फोन काढून पाहायचा आणि परत ठेवायचा.

"घरी फोन करू या का? पोचलो म्हणून?" मी विचारलं.

"नको नको," तो घाईने म्हणाला. "इथे रेंज नाही."

मनोऱ्यावर चढलो. वरून खाडीचं तोंड दिसत होतं. पांढरी वाळू, त्यापलीकडे समुद्र. एक मोठा गरुड मासा घेऊन सुरूच्या झाडावर उतरला, आणि दोन कावळे त्याला सुखाने खाऊ देईनात. मी कठड्याला धरून उभी होते. बसले असते तर फळ्या आणखी वाजल्या असत्या. मामा एकदा बाकावर बसला, एकदा उठला, मग म्हणाला, "शहाळं घेशील? खाली मिळतंय. मी आणतो." आणि फोन बाकावर, डब्याच्या पिशवीजवळ विसरून खाली गेला.

फोन वाजला. पडद्यावर 'भाऊजी' आलं. म्हणजे बाबा. रेंज होती तर. मी उचलला. मी 'हॅलो' म्हणायच्या आतच बाबा बोलायला लागले. हळू आवाजात, मागल्या अंगणात तोंडावर हात धरून बोलावं तसं.

"जगू, ऐक. एवढ्यात आणू नकोस तिला. मंडळी आत्ता जेवायला बसताहेत. मुलगा बरा आहे, शलाकाला पसंत दिसतो. तिला काही कळलं नाही ना? तासाभराने मी करतो फोन. तोवर फिरव कुठेतरी. हॅलो? जगू?"

मी फोन बंद केला आणि होता तसा पिशवीजवळ ठेवला.

गरुडाने मासा टाकला होता. कावळ्यांनी तो उचलला होता. हे सगळं मी बघितलं, पण माझे पाय फळ्यांवर धडधड वाजत होते, आणि या वेळी ते गोळ्यांनी वाजत होते की माझ्या मनाने, हे मला सांगता आलं नसतं.

मामा दोन्ही हातांत शहाळी घेऊन वर आला.

"बाबांचा फोन आला होता," मी म्हणाले.

तो पायरीवरच थांबला. "मग? काय म्हणाले?"

"मंडळी जेवायला बसली. मुलगा बरा आहे. शलाकाला पसंत दिसतो. मला आणखी तासभर फिरव म्हणाले."

मामाने शहाळी बाकावर ठेवली. एक कलंडलं आणि पाणी फळ्यांच्या फटीतून खाली गळायला लागलं. दोघांनीही ते सरळ केलं नाही.

"कोण मंडळी, मामा?"

"फोंड्याचे केरकर. मुलगा मस्कतला असतो, चार दिवसांसाठी आलाय. म्हणून असं मधल्या वारी..."

"शलाकाला मोठी बहीण आहे म्हणून सांगितलंय की तेही नाही?"

"छे छे, सांगितलंय. सांगितलंय ना. तू पुण्याला असतेस असं सांगितलंय."

"पुण्याला काय करते?"

"नोकरी."

"कसली?"

मामाने डोकं खाजवलं. "ते नाही बुवा विचारलं मी."

मला हसू आलं. मामाचा चेहरा बघून आणखी आलं. मग ते थांबेना, तेव्हा मामा घाबरला. माझं हसू थांबलं नाही की आमच्याकडे सगळेच घाबरायचे. त्याने माझा हात धरला. "सुने, बाळा, पाणी पी. इथे बस. गोळी घेतलीस ना सकाळची?"

"घेतली रे मामा. मी बरी आहे. माणसाला हसू येत नाही का?" डोळे पुसून मी विचारलं, "कुणाच्या डोक्यातून निघालं हे? आईच्या?"

त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"बाबांच्या?"

"शलाकाने फोन केला होता मला," तो शेवटी म्हणाला. "रडत होती. मागच्या साली वेंगुर्ल्याची माणसं आली होती, आठवतात?"

"पत्रिका जमली नाही ती?"

"पत्रिका त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती."

मला ते पाहुणे आठवले. चहाचा ट्रे मी नेला होता. कपबशा वाजत होत्या. त्यांच्यातल्या एका बाईंनी माझ्या हातून ट्रे घेतला होता आणि "राहू दे हो, बसा तुम्ही" म्हणाल्या होत्या. किती प्रेमळ बाई, असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर मी त्यांच्या समोरच बसले होते, आणि माझे पाय सतरंजीवर नाचत होते.

मामा उठला. "चल, घरी जाऊ. माझ्याच्याने नाही होत हे. जे व्हायचं ते होईल. तुझं घर आहे ते."

मी उठले, दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. पुन्हा उतरले. घरी जावं, तशीच चिखलाच्या चपलांनी बैठकीच्या खोलीत शिरावं आणि सगळ्यांच्या मधोमध बसावं, असं वाटत होतं. आणि शलाका तिथे बसली असेल, तिच्या आवडत्या साडीत, मान खाली घालून, फाटकाच्या आवाजाकडे कान लावून, हेही दिसत होतं. कितीदा चढले-उतरले कोण जाणे.

"काय करायचं, सुने?" मामाने विचारलं.

"शलाकाला पसंत आहे म्हणाले ना बाबा?"

"हो."

"मग नको. दुसरी फेरी मारू. भरती आली बघ."

खरंच आली होती. मघाची मुळं, खेकडे, निवट्या, सगळं पाण्याखाली गेलं होतं. झाडं आता थेट पाण्यातून उगवल्यासारखी दिसत होती. सुगंधाताईने होडी आतल्या फाट्यात घातली. वर दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींत अडकून छत झालं होतं आणि त्याखाली हिरवा काळोख. पाणी चढतं होतं. पानं, काड्या, फेस, सगळं आत आत वाहत निघालं होतं. मामा पुन्हा कडांना धरून बसला. होडी हलत होती ती माझ्याने हे कळत होतं, पण सुगंधाताई या वेळी मला काही म्हणाली नाही. तिने माझा चेहरा पाहिला असावा.

वळणावर फाटा रुंद झाला, डोक्यावरची पानं संपली, आणि मामाच्या शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला.

"तू घे," मामा म्हणाला. कडेवरचा हात सोडायची त्याची तयारी नव्हती. "माझ्या खिशातून काढ. हळू. उभी राहू नकोस."

मी वाकून फोन काढला. "हॅलो?"

"ताई?" शलाका होती. आवाज वरच्या पट्टीतला, पाहुण्यांसमोरचा. "मी शलाका. अगं, ऑफिसात आहेस ना? फार कामात नाहीस ना? इथे केरकरकाकूंना तुझ्याशी दोन शब्द बोलायचेत. फार मागे लागल्यात. देऊ त्यांच्याकडे?"

आणि ती थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे तिला माहीत नव्हतं. बाकीच्यांसमोर तिला काही सांगताही येत नव्हतं. मी नुसतं "कसलं ऑफिस?" म्हटलं असतं, तरी पुरे होतं.

"दे," मी म्हणाले.

सुगंधाताईने वल्हं पाण्याबाहेर काढून आडवं धरलं. होडी आपोआप वाहायला लागली.

"सुनेत्रा ना?" जाडसर, मोकळा आवाज. "अगो, सकाळपासून तुझं नाव ऐकते आहे. म्हटलं थोरल्या बहिणीशी बोलल्याशिवाय कसं उठायचं? सुट्टी नाही दिली का गो तुला?"

"नाही मिळाली, काकू. काम अंगावर आलंय. एक पुस्तक याच आठवड्यात छपाईला जायचंय."

मामा माझ्याकडे बघायला लागला.

"पुस्तकं छापता तुम्ही?"

"छापखाना आहे. मी मुद्रितं तपासते. छापायच्या आधी चुका काढायच्या. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेल्या ओळी, असं." हे तोंडात कुठून आलं मला कळलं नाही. मी असा छापखाना कधी पाहिला नव्हता. पण बोलायला लागले आणि तो दिसायला लागला. शाईचा वास, कागदांचे गठ्ठे, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ.

"बाप रे. डोळे दुखत असतील."

"दुखतात. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघते."

"आणि राहतेस कुठे? कुणाकडे?"

"एकटी. खोली घेतलीय. लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. सकाळी ऊन येतं. स्वयंपाक मीच करते. भात करपतो कधीकधी."

काकू मोठ्याने हसल्या. त्या हसत असताना पलीकडच्या काठावर पाणी फुटलं. एक काळं, ओलं डोकं वर आलं, मग दुसरं, मग लहान दोन. पाणमांजरं. चिखलाच्या उतारावरून ती घसरत, एकमेकांना ढकलत वर चढली. आम्ही तिथेच होतो तरी त्यांना आमचं काही नव्हतं. त्यातल्या मोठ्याने मासा आणला होता. तो पुढच्या दोन पायांत धरून ते डोक्याकडून कडाकडा खायला लागलं. पिल्लं चिंऽव चिंऽव ओरडत त्याच्याभोवती फिरत होती. एक क्षण कुणी स्वस्थ नव्हतं.

"हे कोण ओरडतंय गो?" काकूंनी विचारलं.

"मागे ओढा आहे, काकू. झाडी आहे."

"पुण्यात? बरं आहे बाई." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. त्या फोन घेऊन बाजूला गेल्या असाव्यात. "भीती नाही वाटत गो, एकटीला?"

हा प्रश्न मला त्याआधी कुणीच विचारला नव्हता. मला भीती वाटते का, हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. माझी सगळ्यांना वाटायची.

"पहिल्यांदा फार वाटली," मी म्हणाले. "रोज वाटायचं, परत जावं. आता कमी झाली."

"शाबास. आता एक खरं सांग. बहिणीला बहीण माहीत असते. शलाका कशी आहे?"

मामाने डोळे मिटून घेतले.

"घाबरट आहे, काकू," मी म्हणाले. "लोक काय म्हणतील याला फार भिते. पण मी एकदा खूप आजारी होते. महिनाभर अंथरुणात. तेव्हा रोज माझी वेणी तिने घातली. मी ती ओढून सोडायची, तिला ओरबाडायची. ती परत घालायची. कॉलेज बुडवून माझ्यापाशी राहिली ती त्यासाठी. अशी आहे."

काकू म्हणाल्या, "पुरे गो. एवढंच ऐकायचं होतं. लग्नाला ये हं. सुट्टी नाही म्हणालीस तर मी तुझ्या मालकाशी बोलेन."

फोन बंद झाला. पाणमांजरं एकामागून एक पाण्यात उतरली आणि दिसेनाशी झाली. चिखलावर माशाचं शेपूट उरलं होतं.

मामाने दोन्ही कडा सोडल्या होत्या. हात मांडीवर उताणे पडले होते आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. "हे सगळं तू कुठे शिकलीस?" त्याने विचारलं.

मला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. काहीतरी जोरात पुढे ढकलत होतं आतून, आणि मला ती खोली हवी होती. जी मी आत्ता, या होडीत बसून, एका अनोळखी बाईसाठी बांधली होती ती. तिची खिडकी मला इतकी स्पष्ट दिसली होती की ती कुठेच नाही, हे मला खरं वाटेना.

सुगंधाताईने वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. "माझा चेडू पण पुण्याक आसा," ती लेकीबद्दल सहज म्हणाली. "नर्सिंगाक. तेचोय भात करपता."

घरी पोचलो तेव्हा मंडळी निघून गेली होती. दिवाणावरची नवी चादर चुरगळली होती. आई उजळलेल्या चेहऱ्याने बाहेर आली. तिने माझ्या हातात शिऱ्याची वाटी दिली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"किती छान बोललीस गं! त्या म्हणाल्या, थोरली फार गुणी आहे. होकार देऊनच गेल्या. मला तर त्यांच्या तोंडून ऐकताना खरंच वाटलं."

म्हणजे मला कळलं आहे हे त्यांना कळलं होतं, आणि त्याबद्दल कुणी काही बोलणार नव्हतं. मी शिरा खाल्ला. मामा दारातच उभा होता, चहाला थांबत नव्हता आणि जातही नव्हता.

"बाबा, मी पुण्याला कधीपासून आहे?" मी विचारलं.

"काय?" बाबांनी चष्मा काढला.

"आज त्यांनी विचारलं नाही, पण पुढे कुणीतरी विचारेल. मला माहीत असायला हवं."

"वर्ष झालं, असं म्हणालो होतो," बाबा पुटपुटले.

"आणि लग्नाला मी कुठून येणार?"

"पुण्याहून," आई म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू गेलं.

"मग मला आधी तिथे जायला हवं."

खोलीत कुणी हललं नाही. माझे पाय तेवढे हलत होते. आई खाली बसली. "सुनेत्रा, असं नको गं करू. ते आपलं त्या लोकांपुरतं होतं. तू एकटी राहणार? गोळ्या, जेवणखाण, रात्री-अपरात्री काही झालं तर? तुला कसं जमेल?"

"त्यांना तर जमतंय म्हणून सांगितलंत."

"ताई!" शलाका म्हणाली.

बाबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी दारातून मामा बोलला. आमच्या घरात मामाने बाबांसमोर कधी आवाज वाढवला नव्हता, तेव्हाही वाढवला नाही. "भाऊजी, सदाशिव पेठेत माझा एक दोस्त आहे. त्याचा छापखाना आहे. विचारायला काय जातं?"

रात्री अंथरुणावर शलाका माझ्याकडे पाठ करून पडली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू माझ्यावर रागावून चाललीयस."

"थोडी रागावलेय."

"आणि?"

"आणि खिडकी बघायचीय मला."

तिला ते कळलं नाही. पण ती वळली आणि माझा हात हातात घेऊन झोपली.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी हो म्हणायला वेळ घेतला. मामाच्या दोस्ताने 'बघू' म्हटलं, मग महिनाभर काही कळवलं नाही, मग एकदम 'पाठवून दे' म्हणाला. मला जी खोली मिळाली तिला खिडकीच नव्हती. भिंतीत वर एक झरोका होता. दोनदा मी सगळं टाकून परत आले, दोनदा पुन्हा गेले. शलाकाच्या लग्नाला मी पुण्याहून आले, खरोखरची सुट्टी काढून. केरकरकाकूंना पुढे कधीतरी सगळं कळलं. शलाकानेच सांगितलं. त्या काय म्हणाल्या ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दिवाळीचा फराळ मात्र त्या मला दर वर्षी वेगळा पाठवतात.

मला आठवतो तो पहिल्यांदा निघाले तो दिवस. गणपती होऊन गेले होते. सावंतवाडीच्या स्टँडवर परतणाऱ्यांची झुंबड होती. आईने गोळ्यांचा डबा तिसऱ्यांदा तपासला. मामा सकाळीच कुडाळहून येऊन रांगेत उभा राहिला होता. बाबा माझी बॅग कुणाला हात लावू देत नव्हते. ती छातीशी धरून ते खांबाला टेकून उभे होते, आणि कुणी ओळखीचं दिसलं की मान दुसरीकडे वळवत होते.

तरी पेडणेकरांनी गाठलंच. पेडणेकर म्हणजे बाबांच्या शाळेतले जुने सहकारी, गावात कुणाकडे काय शिजतं हे ज्यांना आधी कळायचं असे.

"काय सर, कुठे दौरा?"

"मी नाही," बाबा म्हणाले. "ही चाललीय. पुण्याला."

"पुण्याला? डॉक्टरकडे का?"

बाबांनी बॅग खाली ठेवली. आवाज खाली न आणता, बाजूचे दोघे-तिघे वळून बघतील एवढ्या स्पष्टपणे ते म्हणाले, "नाही. नोकरी आहे तिची तिथे."

"अरे वा! कसली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तूच सांग त्यांना," ते म्हणाले.